शेपटाचा हिशेब

येत्या पाडव्याला महाराष्ट्रातल्या मोटारींच्या दुकानांपुढे पुन्हा गर्दी उसळेल. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघेल, आरशाला झेंडूचा हार चढेल, चाकाखाली लिंबू चिरडेल आणि पेढ्यांचा पुडा हाती धरून एक सुखी कुटुंब फोटोसाठी उभे राहील. त्या सुखाला दृष्ट लागावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. ज्याला मोटारीची गरज आहे त्याने ती जरूर घ्यावी आणि सुखाने फिरवावी. माझे भांडण आहे ते आलिशान मोटारीशी. त्यातही पगाराच्या नाही तर पेन्शनच्या मापाने जगणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाने हौसेने दारात आणून बांधलेल्या आलिशान मोटारीशी. आणि वाचकहो, हे भांडण मी फुटपाथवर उभा राहून करीत नाही. तीन वर्षे मी त्या मोटारीच्या आत बसून आलो आहे.

हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी आपल्यात म्हण आहे. मोठे काम पार पडले, आता किरकोळ तेवढे उरले, असा तिचा अर्थ. आलिशान मोटारीपुढे ही म्हण सपशेल उलटी पडते. किंमत हा हत्ती. तो एका दिवसात, एका चेकवर, वाजतगाजत निघून जातो. मागून येणारे शेपूट मात्र वर्षानुवर्षे सरत नाही, आणि एके दिवशी मोजायला बसावे तर ते हत्तीच्याच मापाचे निघते. त्या शेपटाचा हिशेब मला येथे मांडायचा आहे.

२०२२ साली मी सेवानिवृत्त झालो. छत्तीस वर्षे हिशेब तपासण्याच्या खात्यात काढली. दुसऱ्याच्या वहीतला एका रुपयाचा फरक हुडकण्यासाठी रात्री नऊपर्यंत कचेरीत बसणारा माणूस मी! पण स्वतःची गाठ सोडायची वेळ आली तेव्हा माझी अक्कल कोणत्या कपाटात कुलूपबंद होती कोण जाणे. एका जुन्या गाड्यांच्या दुकानात एक जर्मन मोटार उभी होती. सात वर्षे वापरलेली, एकाच धन्याच्या हातची, काळीभोर, आत पिवळसर कातड्याच्या बैठका. पहिल्या धन्याने २०१५ साली तिला ५२ लाख मोजले होते. मला ती १६ लाखांत मिळत होती.

"सर, या पैशांत तुम्हाला दुसरीकडे नुसता पत्रा मिळेल," विक्रेता म्हणाला.

आमच्या सौभाग्यवती बाजूला उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, छत्तीस लाख जिच्यावरून उतरले, ते का उतरले एवढे तरी विचारा."

मी विचारले नाही. त्यांना मोटारीतले काय कळते, असे मनात म्हणून मी सही केली. आज हा लेख म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी नव्या मोटारीचे पाहू, कारण जुन्याची कुंडली नव्यातच मांडलेली असते. समजा, आज कोणी ६० लाखांची मोठी पेट्रोल मोटार घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे त्या ६० लाखांत मोटार जेमतेम ४३ लाखांची, उरलेले १७ लाख कराचे. ही मोटार रस्त्यावर आणायची तर महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल मोटारीला १३ टक्के वाहनकर, डिझेल असेल तर १५ टक्के, कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. म्हणजे आणखी आठ लाखांच्या घरात. मग विमा. मग १ टक्का आयकराच्या नावाने आगाऊ कापून घेतात. तो पुढे हिशेबात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. आणि ५० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले असेल, तर महिन्याचा हप्ता ८० हजारांच्या वर आणि निव्वळ व्याज साडेसतरा लाख! जाहिरातीत मात्र यातले काही नसते. जाहिरातीत असतो एक ओला रस्ता, एक देखणा पुरुष आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक तारांकित टीप.

आता ती दारात येते आणि त्याच क्षणापासून झिजू लागते. हे मी माझ्या मनचे सांगत नाही. विमा कंपन्यांचे कोष्टकच आहे: सहा महिन्यांत मोटारीची किंमत ५ टक्क्यांनी घटलेली धरायची, वर्षात १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४० आणि पाच वर्षांत ५० टक्के. पुढे ती किती धरायची हे विमेवाल्याने आणि धन्याने आपसात ठरवायचे. बाजार तर या कोष्टकापेक्षाही निष्ठुर असतो.

पण हा तोटा पहिल्या धन्याला तुमच्या-माझ्याइतका जाचत नाही, आणि येथेच खरी मेख आहे. तो बहुधा व्यापारी असतो. मोटार धंद्याच्या कामासाठी दाखवली, की दरसाल १५ टक्के घसारा त्याला हिशेबात धरता येतो. त्याच्या तोट्याचा थोडा भार सरकारी तिजोरी उचलते. त्याचा तोटा हा त्याच्या धंद्याचा खर्च. तीच मोटार माझ्या दारी आली, की तिचा तोटा माझ्या भाजीच्या पिशवीतून, औषधाच्या बाटलीतून आणि नातवाच्या फीमधून जातो. २०१० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तिथल्या मंडळींनी एकजूट करून एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. देशभर बातम्या छापून आल्या. ज्यांच्या खिशाला ते झेपत होते त्यांनी ते केले. माझी तक्रार नाही. पण त्या बातम्या वाचून आपल्यासारख्यांच्या पोटात जे काही हलते, त्याच्याविषयी माझी तक्रार आहे. मोटार जुनी झाल्यावर ते हलणेच आपल्याला दुकानात ओढून नेते.

तर आता मूळ मुद्दा. मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हे एक वाक्य कोणी मला २०२२ साली कानात सांगितले असते, तर मी त्याचे पाय धुऊन पाणी प्यालो असतो! ५२ लाखांची मोटार १६ लाखांवर येते. तिचा दिवा, तिचा ब्रेक, तिचा टायर मात्र ५२ लाखांच्याच मोटारीचा राहतो. गाडी म्हातारी होते आणि तिचे बिल चिरतरुण! मी १६ लाखांची गाडी घेतली या भ्रमात होतो. वास्तविक मी ५२ लाखांची गाडी सांभाळण्याची जबाबदारी १६ लाख मोजून अंगावर घेतली होती.

उदाहरणे देतो. पहिल्या वर्षी बॅटरी गेली. साध्या मोटारीची बॅटरी कोपऱ्यावरचा पोऱ्या दहा मिनिटांत बदलतो. येथे नवी बॅटरी बसवल्यावर मोटारीच्या मेंदूला तिची ओळख करून द्यावी लागते, त्यासाठी संगणक लागतो, आणि संगणकामागे कडक इस्त्रीतला माणूस लागतो. ३१ हजार. टायर चार बदलले. हवा गेली तरी काही मैल चालणारे ते टायर. म्हणून गाडीत जास्तीचे चाक देतच नाहीत. १ लाख १२ हजार. ब्रेकच्या तबकड्या आणि पट्ट्या ८६ हजार. मागच्या बाजूला लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे होते. ते रबराचे, रबर सात-आठ वर्षांनी चिरते. एके सकाळी पाहतो तो गाडी मागून जमिनीला टेकलेली, जणू काही म्हैस डबक्यात बसली आहे. १ लाख ७८ हजार.

आणि दिवा! एका पावसाळ्यात पुढच्या एका दिव्यात पाण्याची वाफ धरली आणि तो मिणमिणून विझला. मी म्हटले, आतला बल्ब बदला. वर्कशॉपमधला तरुण कीव आल्यासारखा हसला. "सर, यात बल्ब नसतो. अख्खे युनिट बदलावे लागते." १ लाख ९४ हजार रुपये! एका डोळ्याचे! माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया याहून कितीतरी कमी पैशांत झाली होती. विमेवाल्याकडे गेलो, तर त्याने अपघात आणि झीज यांतला फरक समजावून सांगितला. अपघातात फुटला असता तरी प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसेच मिळाले असते. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांना ५० टक्के घट लावायची हा त्यांचा नियमच आहे. ती घट माफ करणारा जादा विमा असतो, पण तो तरुण गाड्यांसाठी. म्हाताऱ्या गाडीला तो सहसा कोणी देत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि धन्याने घाईने पुन्हा चालू केली, तर इंजिनात पाणी जाऊन ते मोडते. साध्या विम्यात हे नुकसान धरत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या महाराष्ट्रात ही अट ज्याने लिहिली, त्याच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार.

वहीत न मांडता येणारे खर्च तर वेगळेच. गाडी दारात आली आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती ५०१ वरून ५,००१ वर गेली. "काका, आता तुम्हीच असे म्हणालात तर कसे व्हायचे?" नळ दुरुस्त करणारा आधी गाडीकडे पाही, मग नळाकडे, आणि मग भाव सांगे. लग्नाकार्यात आहेराचे पाकीट जड करावे लागले. पुतण्याने धंद्यासाठी दोन लाख मागितले. नाही म्हटल्यावर त्याने नुसते खिडकीतून खाली पाहिले. खाली ती उभी होती, नवऱ्या मुलीसारखी झाकून. वाचकहो, श्रीमंती आल्यावर हे सारे सोसता येते. नुसती श्रीमंतीची गाडी आल्यावर सोसत नाही.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकू, कारण एकतर्फी निकाल देणे माझ्या पेशात बसत नाही. कोणी म्हणेल, जीव महत्त्वाचा. महाग मोटार सुरक्षित असते. होय, असते. पण आता साध्या मोटारीही मागे नाहीत. २०२३ साली भारतातच मोटारी आपटून पाहण्याची आणि त्यांना तारे देण्याची सरकारी योजना सुरू झाली. आपल्या देशात तयार होणाऱ्या, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीच्या कित्येक गाड्यांना पाच तारे मिळालेले आहेत. आणि मागच्या बाकावर पट्टा न लावता बसणाऱ्याला कोणतीच मोटार तारत नाही. कोणी म्हणेल, या मोटारी चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरला जुळवल्या जातात, मराठी पोरांच्या हाताला काम मिळते. त्या पोरांच्या कसबाविषयी मला आदरच आहे. पण हलवायाचे दुकान चालावे म्हणून मधुमेह्याने जिलबी खावी, असे कोणी म्हणत नाही.

आणि कोणी म्हणेल, जुने ते सोने, आमच्या वडिलांची फियाट पाहा. तर तेही अर्धे खरे. फियाटचे, म्हणजे पुढच्या पद्मिनीचे, इंजिन घाटात तापत असे आणि सारे कुटुंब खाली उतरून तिच्या तोंडावर पाणी मारीत असे. पण तिला कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्ह्याने आणि शिव्यांनी बरी करू शके. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, ती काही सुंदर होती म्हणून लोक हळहळले नाहीत. ती दुरुस्त होत असे. आजच्या आलिशान मोटारीचे बॉनेट उघडले, तर आत एक काळे झाकण असते, आणि त्या झाकणाचा अर्थ एवढाच की धन्याने यात हात घालू नये.

आता जे सांगायचे ते सांगतो. गाडी मी घेतली तेव्हा घरात एक कारण दिले होते: आईला कोकणात नेता येईल. आमचे गाव गुहागर तालुक्यात. तिथे माझी मावशी होती, आईहून चार वर्षांनी मोठी. त्या वेळी आई ऐंशीची. एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत, मोटार हवी, असे मीच ठरवले. तिने तसे कधी म्हटले नव्हते.

पहिल्याच गौरी-गणपतीला आम्ही निघालो. पाटणच्या पुढे एका पाणी भरलेल्या खड्ड्यात डावे चाक गेले आणि टायरची कूस फाटली. हवा गेली तर हे टायर चालतात; कूस फाटली तर नाही चालत. जास्तीचे चाक नाही. चिपळुणात चार दुकानांना फोन केले, तो साइज कोणाकडे नव्हता. शेवटी मोटार उचलून नेणारी गाडी पुण्याहून मागवली. १४ हजार रुपये. पावसात रस्त्याच्या कडेला आम्ही तीन तास उभे होतो. मग एसटी आली. आई माझ्या आधी चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "अरे, आपली एसटी बरी. तिच्याजवळ जास्तीचं चाक तरी असतं."

त्यानंतर ती मोटार मी कोकणात नेली नाही. घाटातले खड्डे, गावातली जांभ्या दगडाची उंचसखल वाट, जवळचे वर्कशॉप दीड-दोनशे किलोमीटरवर. कसली छाती होते? आणि दारात एवढी मोटार असताना एसटीने जायचे, तर गावात लोक काय म्हणतील? गाडी आहे म्हणून एसटीने नाही, आणि गाडीची भीती म्हणून गाडीनेही नाही! आई विचारी, "यंदा जायचं ना रे?" मी म्हणे, "टायर बदलले की जाऊ." मग, "फुगे बदलले की जाऊ." मग, "दिवा आला की जाऊ." असे दोन गणपती गेले. दुसऱ्या वर्षीच्या पौषात मावशी गेली. आम्ही रातोरात भाड्याची साधी गाडी करून निघालो, तोपर्यंत सारे आटोपले होते. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

२०२५ साली मी ती मोटार साडेसहा लाखांना विकली. त्या रात्री सौभाग्यवतींनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. तीन वर्षांत मोटारीची घट ९ लाख ५० हजार. विमा १ लाख ६३ हजार, सर्व्हिस १ लाख ३४ हजार. टायर, बॅटरी, ब्रेक, फुगे, दिवा आणि ती पुण्याहून आलेली गाडी मिळून ६ लाख १५ हजार. एकूण १८ लाख ६२ हजार रुपये. खरेदीच्या किमतीहून जास्त. या तीन वर्षांत मोटार धावली १४ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला १३३ रुपये, पेट्रोल वेगळे. पुण्यात रिक्षाचा २०२२ साली ठरलेला दर पहिल्या टप्प्यानंतर किलोमीटरला १७ रुपये होता. सोळा लाखांच्या मुदतठेवीचे बुडालेले व्याज त्यांनी खाली पेन्सिलीने लिहिले होते. ते मी मिळवले नाही. मावशीचे खाते त्या वहीत नव्हते. ते माझ्या वहीत आहे.

आता मागणी. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किंमत छापावी लागते. साठ लाखांच्या मोटारीवर तिच्या एका दिव्याची किंमत का छापू नये? दुकानात मोटारीच्या काचेवर हप्त्याचा फलक लटकतो. त्याच्याशेजारी दुसरा फलक टांगण्याची सक्ती करा: चार टायरांची किंमत, एका दिव्याची, ब्रेकची, बॅटरीची, आणि दहा वर्षांच्या देखभालीचा अंदाज. जुन्या मोटारीच्या दुकानात तर हा फलक दुप्पट मोठा हवा. यात कोणाचा धंदा बुडत नाही. बुडालाच तर जो अज्ञानावर चालतो तेवढाच बुडेल.

ती सक्ती होईपर्यंत, वाचकहो, पाडव्याला पेढे वाटण्यापूर्वी विक्रेत्याला एवढे चार प्रश्न विचारा. टायरला किती? दिव्याला किती? आमच्या गावाजवळ वर्कशॉप कुठे? आणि किंमत उतरली असेल, तर ती का उतरली? त्याने हसून विषय बदलला, तर नारळ फोडू नका. घरी आणा, खोबऱ्याच्या वड्या करा.

आम्ही यंदा गौरी-गणपतीला एसटीने गेलो. आई खिडकीशी बसली होती. पाटणच्या पुढे तो खड्डा आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, पण काही म्हणाली नाही.